न झालेल्या लग्नाची बालुशाही

हा लेख मी एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहायला घेतला आहे. प्रश्न असा : फाल्गुनातल्या एका शनिवारी, धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या बसमध्ये, मी प्रभाकर नानांना एक खोटी गोष्ट सांगितली. त्या गोष्टीमुळे नानांचे आयुष्य वाढले, कमी झाले, की काहीच फरक पडला नाही? पर्याय तीनच आहेत. शाळेत मी मुलांना शिकवत असे, की पर्याय थोडे असतील तर एकेक खोडत जावे, शेवटी उरेल ते उत्तर. गेले सात आठवडे मी खोडतो आहे. एक खोडला की दुसऱ्या दिवशी तो पुन्हा लिहिलेला असतो...

त्या शनिवारनंतर बाराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी सव्वासहाला फोन आला. आवाज अक्कांचा, म्हणजे नानांच्या पत्नीचा होता. त्या एवढेच म्हणाल्या, "सर, या." मी बनियनवर शर्ट चढवून निघालो. आमच्या दोन घरांत तीन गल्ल्यांचे अंतर आहे. पहिल्या गल्लीतच मी बोटांवर दिवस मोजू लागलो होतो. शनिवार ते गुरुवार, बारा. दुसऱ्या गल्लीत पुन्हा मोजले, तेवढेच भरले. नानांना पहाटे छातीत कळ आली होती, अक्कांनी पाणी आणेपर्यंत सगळे संपले होते. ही माहिती मला शेजाऱ्यांनी दारातच दिली. मी मान डोलावली आणि मनात तिसऱ्यांदा बारा मोजले.

नाना आमच्या शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते, मी विज्ञानाचा. वयाने ते चार वर्षांनी मोठे, पण हाक मारताना मला 'हेडमास्तर' म्हणत. मी कधीच मुख्याध्यापक झालो नाही. मात्र प्रार्थनेला रांगा सरळ आहेत का, हे पाहण्याची सवय मला पहिल्या वर्षापासून होती, आणि तेवढ्यावर नानांनी मला बढती देऊन टाकली. त्यांचे स्वतःचे सगळे वाकडे चाले. ते खुर्चीत बसत ते काठावर, बसमध्ये उतरायचे गाव येण्याच्या दोन थांबे आधीच उठून दाराशी उभे राहत, आणि बोलताना समोरच्याच्या तिकिटाच्या पाठीवर त्याचे नाक काढत. पण फळ्यावर खडू टेकवला की तोच हात एका झटक्यात असे वर्तुळ काढी की मी कंपास लावून तपासले तरी चूक सापडू नये. मी तपासले होते, एकदा नव्हे, तीनदा. तिसऱ्या वेळी त्यांनी मला पाहिले. "सापडलं का काही, हेडमास्तर?" "नाही." "मग आज जेवण गोड लागेल."

निवृत्तीनंतर आम्ही एक काम अंगावर घेतले. पत्र्याच्या पेटीत चंचुपात्रे, भिंगे, लोहचुंबक, फुगे असे साहित्य भरायचे आणि दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी एखाद्या खेड्यातल्या शाळेत जाऊन मुलांना प्रयोग दाखवायचे. मी प्रयोग करी, नाना फळ्यावर आकृत्या काढत. पश्चिमेला पिंपळनेरपासून पूर्वेला यावलपर्यंत आम्ही फिरलो. शनिवारी शाळा सकाळची असते, म्हणून धुळ्याहून पहिली गाडी पकडावी लागे. एवढ्या पहाटे घरी काही खाऊन निघणे दोघांनाही जमत नसे. जळगावच्या दिशेला जायचे असेल तेव्हा आम्ही सव्वासातच्या सुमारास एरंडोलला उतरत असू, आणि तिथे बसस्थानकासमोर गोकुळभाऊंचे दुकान होते. 'होते' लिहिले, दुकान आहे, आजही आहे. मला भूतकाळ लिहिण्याची सवय लागते आहे.

दुकान म्हणजे पुढे काचेचे कपाट, मागे भट्टी, मध्ये दोन बाकडी. सकाळी तिथे पोहे मिळत, भजी मिळत आणि बालुशाही मिळे. बालुशाही हा पदार्थ सकाळी खायचा नसतो, तो लग्नाच्या पंगतीत किंवा दिवाळीच्या डब्यात खायचा असतो, असे माझे मत होते. पहिल्या दिवशी नानांनी ती मागितली तेव्हा मी ते मत मांडले. नाना म्हणाले, "लग्नात मिळते ती दोन दिवसांची. डब्यात मिळते ती आठ दिवसांची. ही बालुशाही जन्मली कधी, ते या गोकुळला विचारा." गोकुळभाऊ भट्टीवरूनच ओरडले, "आत्तेच काढ्यात, सर. हात लाई दखा." मी हात लावून पाहिला. बोट भाजले नाही, पण काढून घ्यावेसे वाटले.

ज्यांनी बालुशाही होताना पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मैद्यात तुपाचे मोहन आणि थोडे दही घालतात, पण ते पीठ पोळीसारखे मळत नाहीत. नुसते गोळा करतात, घडी घालतात, दाबतात, पुन्हा घडी घालतात. पदर सुटतात ते या घड्यांमुळे. मग चपटा गोळा करून मध्ये अंगठ्याने खळगा पाडायचा. तूप फार तापू द्यायचे नाही. बालुशाही आधी तळाशी बसते, मग स्वतःहून वर येते, आणि त्यानंतरही वीस मिनिटे मंद आचेवर तळावी लागते. घाई केली की बाहेरून लाल आणि आतून कच्ची. शेवटी पाकात बुडवून जाळीवर काढायची. गोकुळभाऊंना लग्नसराईत रोज ऑर्डर असत, म्हणून त्यांचा पहिला घाणा पहाटे पडे आणि आमची गाडी येईपर्यंत जाळीवर निथळत असे.

नानांचे म्हणणे असे की बालुशाही दाताने तोडायची नसते. ती कानाजवळ धरून दोन्ही अंगठ्यांनी मोडायची. ताजी असेल तर बारीक आवाज होतो, वाळक्या पानावर पाय पडावा तसा. "आवाज आला तर खायची. नाही आला तर हेडमास्तरांना द्यायची." मोडलेल्या कडेला ते पदर मोजत. एकदा मी अकरा मोजले आणि त्यांनी चौदा. आम्ही वाद घालत राहिलो आणि पुढच्या गावाची गाडी निघून गेली. शाळेत पाऊण तास उशिरा पोहोचलो. माझ्या नोकरीच्या बत्तीस वर्षांत मी कधी उशिरा गेलो नव्हतो. तिथल्या बाईंना मी कारण सांगितले, "गाडी चुकली." मागून नाना म्हणाले, "गाडी चुकली नाही हो, यांची मोजणी चुकली."

गोकुळभाऊंशी ते अहिराणीत बोलत, माझ्याशी शाळेतल्या मराठीत. "सरसले काय देऊ?" असे गोकुळभाऊंनी विचारले की नाना परस्पर सांगत, "त्यासले पोहा दे. त्या तब्येतना मानूस शेतस." तब्येतीचा माणूस मी, आणि तपासणी झाली ती त्यांची. गेल्या दिवाळीनंतर पायऱ्या चढताना त्यांना दम लागू लागला. डॉक्टरांनी रक्त तपासले, हृदयाचा आलेख काढला, आणि गोड बंद, तळलेले बंद, तूप बंद असे तीन शब्द सांगितले. या तिन्ही शब्दांची बेरीज काय होते, ते मला लगेच कळले. अक्कांनाही कळले. त्यांनी मला घरी बोलावून घेतले. नाना अंघोळीला गेले होते. अक्का दाराकडे पाहत घाईघाईने म्हणाल्या, "सर, घरात मी बघते. पण गाडीत बसले की ते तुमच्या हातात. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात." मी म्हणालो, "काळजी करू नका." तेवढ्यात आतून नानांचा आवाज आला, "काय कट चाललाय? टॉवेल कुठंय?"

शब्द दिला, पण तो पाळायचा कसा? पहिल्या खेपेला मी स्पष्ट मनाई केली. नाना बाकड्यावर बसून माझे पोहे पाहत राहिले. माझ्या प्रत्येक घासाबरोबर मान खालीवर करत राहिले. मला ठसका लागला. दुसऱ्या खेपेला तडजोड झाली : एक बालुशाही घ्यायची, अर्धी त्यांची, अर्धी माझी. मोडण्याचे काम त्यांचे, अर्धा निवडण्याचे माझे, म्हणजे वाटणी समान होईल. भावाभावांत गुळाचा खडा असाच वाटतात. पण नानांचा हात चित्रकाराचा. ते अशा रीतीने मोडत की दोन्ही तुकडे दिसायला सारखे, आणि मी नेहमी उजवीकडचा तुकडा उचलतो हे हेरून खळग्याजवळचा, पाक साठलेला भाग ते नेमका डावीकडे ठेवत. हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले. तोपर्यंत माझे वजन दोन किलोंनी वाढले होते आणि अक्का मला विचारत होत्या, "सर, तुम्ही जरा भरलात का?"

माघात पुन्हा तपासणी झाली. आकडे वाढलेले होते. अक्कांनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि वाढलेल्या आकड्यावर बोट ठेवले. त्या बोटाने मी रात्रभर तळमळलो. अर्धी बालुशाही हे प्रमाण मी ठरवले होते. कोणत्या आधारावर? डॉक्टरांनी अर्धी असे म्हटले नव्हते. मी शिक्षक होतो, अंदाजाला नियमाचे रूप देण्याची कला माझ्या अंगात मुरलेली आहे, एवढाच त्याला आधार.

पुढचा शनिवार यावलजवळच्या शाळेचा होता. मी मुद्दाम एरंडोल गावात न शिरता महामार्गाने बाहेरून जाणारी जळगावची गाडी निवडली. एरंडोल जवळ आले तशी नानांची चुळबुळ सुरू झाली. ते उठून उभे राहिले.

"हेडमास्तर, गाडी वळली नाही. हा वाहक झोपला की काय?"

"बसा नाना. ही गाडी गावात जात नाही."

"मग आपण हिच्यात कशाला बसलो?"

आणि मी म्हणालो, "गोकुळभाऊंचं दुकान बंद आहे. त्यांच्याकडे लग्न आहे, गावाला गेलेत."

हे मी योजून आलो नव्हतो. तोंडातून निघाले, आणि निघताना अगदी सुबक, कर्ता-कर्म-क्रियापदासह निघाले. नानांनी विचारले, "कोणाचं लग्न?" मी म्हणालो, "नात्यातलं असेल." "तुम्हाला कोणी सांगितलं?" "कळलं." ते माझ्याकडे पाहत राहिले. मग बसले, या वेळी काठावर नव्हे, पाठ टेकून. "बरं," एवढेच म्हणाले. अक्कांनी दिलेल्या डब्यातले मुरमुरे आम्ही जळगाव येईपर्यंत खात होतो. मुरमुऱ्यांचाही आवाज होतो, पण त्यांनी एकही कानाजवळ धरला नाही.

त्या दिवशी पाठ हृदयाचा होता. केळीच्या बागांमधली ती लहानशी शाळा, साठेक मुले, एकच फळा. नानांनी लाल आणि निळ्या खडूने हृदयाचे चार कप्पे काढले. एका मुलीने विचारले, "सर, हे कोणाचं हृदय आहे?" नाना म्हणाले, "पुस्तकातलं आहे गं. माझं याच्यापेक्षा थोराड आहे, या फळ्यावर मावणार नाही." मुले हसली, मीही हसलो. परतीच्या गाडीत ते झोपले. नाना प्रवासात झोपलेले मी प्रथमच पाहिले आणि मला हायसे वाटले. उपाय लागू पडला, असे मी मनाशी म्हणालो.

ही आमची शेवटची फेरी.

आमच्याकडे दुःखाच्या घरी 'दारावर' जातात. पाहुणे, शेजारी, ओळखीचे, सगळे येऊन ओट्यावर, अंगणात बसतात. कोणी बोलते, कोणी नुसते बसून उठते. तिसऱ्या दिवशी अंगण भरलेले असताना अक्का सर्वांसमोर म्हणाल्या, "सरांनी फार जपलं त्यांना. शेवटच्या खेपेला एरंडोलला उतरूसुद्धा दिलं नाही." वीस-पंचवीस माणसांनी माझ्याकडे आदराने पाहिले. मग त्या पुढे म्हणाल्या, "आणि त्यानंतरच्या बुधवारी तर दिवसभर तुमच्याकडेच होते, तक्ते रंगवायला."

बुधवारी नाना माझ्याकडे आले नव्हते.

आधी वाटले, दुःखात अक्कांची वारांची गल्लत झाली असेल. पण अक्का गल्लत करणाऱ्या नाहीत. नानांच्या गोळ्यांचे वार त्यांच्या तोंडपाठ असत. मग नाना बुधवारी होते कुठे? हा प्रश्न पहिल्या प्रश्नाला येऊन चिकटला. मी संध्याकाळचे फिरणे बंद केले, मग पुन्हा सुरू केले, मग रस्ता बदलला. नव्या रस्त्यानेही नानांच्या घरावरूनच जावे लागते, हे तिकडे पोहोचल्यावर ध्यानात येई. पेटी उघडून भिंगे पुसून ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा पुसली.

आखाजी जवळ आली. वाचकांपैकी जे खानदेशाबाहेरचे आहेत त्यांना सांगतो : अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. हा आमचा मोठा सण. त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर खरबूज किंवा आंबा ठेवतात आणि नैवेद्य दाखवतात. नैवेद्यात तळलेले गोड लागतेच, बहुधा सांजोऱ्या असतात. मात्र ज्या घरात त्या वर्षी माणूस गेला असेल, त्या घरात तळणाची कढई चढवत नाहीत. निदान आमच्या गल्लीत तरी ही रीत आहे. तळलेले बाहेरून, जवळच्या माणसाने आणून द्यायचे. अक्कांनी मला निरोप धाडला : "नैवेद्याचं तळण सरांच्या हातून येऊ दे. ते भावाच्या जागी आहेत."

आखाजीच्या आदल्या दिवशी पहिल्या गाडीने मी एरंडोलला निघालो. शेजारची जागा रिकामी होती, तिथे पिशवी ठेवली. दोन थांबे आधीच मी उठून दाराशी उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही, बसवतच नव्हते. दुकानाशी पोहोचलो. गोकुळभाऊ झाऱ्याने बालुशाही काढत होते. मला पाहताच त्यांनी झारा खाली ठेवला, हात पुसले आणि मी काही विचारण्याआधीच मोठ्याने म्हणाले,

"या सर, या! लगीन एकदम झकास व्हई गयं बरं का!"

मी जागच्या जागी थांबलो. "कोणाचं लग्न?"

"मना..." त्यांनी भट्टीकडे पाहिले, "मना साडूनी पोरनं. तव्हय दुकान बंद व्हतं ना आपलं."

साडूच्या मुलीचे म्हणे! जे लग्न मी चालत्या गाडीत, कोणाला न विचारता लावून दिले होते, त्याची हकीकत मला परत ऐकायला मिळत होती. ही गोष्ट मी एकाच माणसाला सांगितली होती.

"गोकुळभाऊ, नाना इथे आले होते का?"

"नही नही. नाना कसाले येतीन?"

"गोकुळभाऊ, नाना गेले."

"कथा गयात?" असे त्यांनी विचारले, म्हणजे कुठे गेले. मग माझ्या तोंडाकडे पाहिले. हळूच बाकड्यावर बसले. कढईत घाणा तसाच होता, पण ते उठले नाहीत. त्यांच्या पत्नीने आतून येऊन गॅस बंद केला. गोकुळभाऊ म्हणाले, "सर, मनाघर लगीन-बिगीन काही नही. नाना उन्थात, बुधवारले, हाई पहिली गाडीवर."

उन्थात, म्हणजे आले होते. मग त्यांनी सगळे सांगितले. नाना गाडीतून उतरले, दुकान उघडे पाहून थांबले, आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला : लग्न कोणाचे होते? गोकुळभाऊ म्हणाले, कसले लग्न, एक दिवसही दुकान बंद नाही. त्यावर नाना इतके हसले, की बाकड्यावरची दुसरी गिऱ्हाइके वळून पाहू लागली. डोळे पुसत ते गोकुळभाऊंना म्हणाले, "हेडमास्तर जन्ममा पहिलेंदाव लबाड बोलनात. वाया जावाले नको. त्या उनात ते तू सांगजो, लगीन मस्त व्हयनं." माझे आयुष्यातले पहिले खोटे वाया जाऊ नये, म्हणून मी आलो की सांगायला त्यांनी त्याला साक्षीदार नेमून ठेवला होता.

"आणि खाल्लं काय त्यांनी?" मी विचारले.

"दोन बालुशाह्या. चहा बिगर साखरना. म्हने, घर शब्द देयेल शे."

दोन! माझ्या नियमाप्रमाणे ते शनिवारी अर्धी खाणार होते. मी ती अर्धी वाचवली, आणि तिच्या जागी चार दिवसांनी दोन खाल्ल्या गेल्या, त्याही माझ्या माघारी, कोणी वाटून घ्यायला नसताना. त्यानंतर आठव्या दिवशी... मी बाकड्यावर बसून ही वजाबाकी पुन्हा पुन्हा करत राहिलो. आठ दिवसांपूर्वीच्या बालुशाहीने हृदय बंद पडत नाही, हे मला माहीत आहे. डॉक्टरांनाही मी नंतर विचारले; ते म्हणाले, असा हिशेब कोणालाच करता येणार नाही. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला 'करता येणार नाही' या उत्तराने झोप लागत नाही. आणि त्याहून वाईट हे, की बुधवार ते गुरुवार या आठ दिवसांत नाना मला तीनदा भेटले होते. त्यांनी एकदाही विषय काढला नाही. फक्त एकदा, निरोप घेताना, विचारले होते, "लग्नसराई जोरात दिसते यंदा, नाही का?" मी म्हणालो होतो, "हो, जोरात आहे." त्यांच्या चेहऱ्याकडे मी नीट पाहिले नव्हते.

गोकुळभाऊंनी बारा बालुशाह्या बांधून दिल्या. धुळ्याला पोहोचेपर्यंत ऊन तापले होते. अक्का ओट्यावर नवी घागर धूत होत्या. मी पुडा ठेवला आणि उभ्यानेच सगळे सांगून टाकले : लग्न, शनिवार, बुधवार, दोन. क्रमाने सांगितले, काही गाळले नाही. अर्ध्या-अर्ध्या वाटणीचेही सांगितले. "तुम्ही मला सर्वांसमोर चांगलं म्हणालात," मी म्हणालो, "ते परत घ्या."

अक्कांनी घागर पालथी घातली. पुड्याचा दोरा सोडला, गाठ न तोडता, नखाने. आतल्या बालुशाहीला बोट लावले. मला वाटले, त्या आता रडतील, किंवा मला बोलतील, आणि दोन्हीची मी तयारी करून आलो होतो.

"गरम व्हत्यात का?" त्यांनी विचारले.

"काय?"

"त्यांनी खाल्ल्या त्या. बुधवारी."

"असतील," मी म्हणालो. "पहिल्या गाडीने गेले होते, म्हणजे गरमच असणार."

"असणार काय, सर? तुम्ही विचारलं नाही?"

"नाही."

"दुकानात गेलात, एवढं सगळं विचारलं, आणि हे नाही विचारलं?" त्यांचा आवाज चढला. साऱ्या दुखवट्यात मी तो चढलेला ऐकला नव्हता. "पाच महिने मी त्या माणसाला गार भाकरी आणि बिनमिठाचं वरण घातलं. शेवटी दोन घास चोरून खाल्ले त्याने. ते तरी गरम होते का, एवढं मला कळू नये? विचारून या."

मी आखाजी झाल्यावर लगेच पुन्हा गेलो. गोकुळभाऊ म्हणाले, गरम होत्या, अगदी हात पोळेल अशा. पण हे साक्षीदार नानांनी पढवलेले आहेत, आणि न झालेल्या लग्नाचीही त्यांनी मला तेवढ्याच खात्रीने ग्वाही दिली होती. म्हणून मी जाळीवरच्या बालुशाहीला स्वतः बोट लावून पाहिले. सात वाजून वीस मिनिटे झाली होती. ती गरम होती. अक्कांना मी तसे सांगितले. त्यांनी विचारले, "आज कोण वार?" मी म्हणालो, "सोमवार." त्यांचा आक्षेप मला मान्य आहे. सोमवारच्या एका निरीक्षणावरून बुधवार सिद्ध होत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला सापडले नाही, आणि ते सापडेल असे आता वाटत नाही. दुसऱ्याचे, म्हणजे अक्कांच्या प्रश्नाचे, सापडू शकते. मी त्यानंतर दोन बुधवारी गेलो. दोन्ही वेळा बालुशाही गरम होती. परंतु नानांच्या बाबतीत मी तटस्थ निरीक्षक नाही. माझे बोट मला हवे ते सांगत असेल. तेव्हा वाचकांना विनंती आहे : बुधवारी पहिल्या गाडीने एरंडोलला उतरणे झाल्यास, समोरच्या दुकानात जाळीवरची बालुशाही उचलावी, कोणाला काही न विचारता, आणि ती गरम आहे की नाही हे स्वतः पाहावे.